ठमीच्या मूत्रपिंडांचं व्यवस्थापन

म्हातारी ठमी हल्ली पाणी जास्त पिते, ही बाब सूनबाईंच्या निदर्शनास आली आणि घराचं नियमित कामकाज तहकूब झालं. चिरंजीव एका कचेरीत उपअधीक्षक. त्यांनी तातडीची रजा टाकली, मांजर टोपलीत घातलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठमीचं रक्त, लघवी, रक्तदाब सगळं तपासलं. "मूत्रपिंडं थकलीत," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं बरेच दिवस टिकवता येतं. खाणं बदला, पाणी भरपूर ठेवा, वजनावर लक्ष असू द्या. म्हातारपणी असं चालायचंच म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तिथेच घात होतो."

शेवटची वाक्यं चिरंजीवांच्या काळजाला भिडली. घरी येताच त्यांनी ती ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली.

चिरंजीवांचे वडील, म्हणजे आबा, ती वाचून म्हणाले, "मलाही सारखी तहान लागते रे हल्ली. पँटसुद्धा कमरेत ढिली झालीय."

"आबा, म्हातारपणी असं चालायचंच," चिरंजीव म्हणाले आणि वाकडा लागलेला कागद सरळ केला.

मग अंमलबजावणी सुरू झाली. मांजराला खाण्याशेजारचं पाणी रुचत नाही, सबब घरभर पाण्याच्या वाट्या मांडल्या गेल्या. ठमीला ऊब हवी आणि ऊन फक्त आबांच्या खोलीत येतं, म्हणून ती खोली ठमीकडे वर्ग झाली. आबांची खाट प्रशासकीय सोयीसाठी जिन्याखाली गेली. आजारी मांजराला ताण सोसत नाही, तेव्हा आबांनी खोकण्यापूर्वी कळवावं, असंही ठरलं. आबा कळवू लागले. खरं सांगायचं तर मला आबांचाच राग येतो. माणसानं इतकं समजूतदार असू नये.

वाट्यांमधलं पाणी रोज सकाळी मोजलं जाई. महिनाभरात आकडा असा चढला, की एवढं पाणी पिणारं मांजर खरं तर फुटायला हवं होतं. सूनबाईंच्या डोळ्यांना धार लागली. चिरंजीवांनी उरलीसुरली अर्ध्या दिवसाची रजा टाकली. टोपली धरायला म्हणून आबांनाही सोबत घेतलं.

"मांजर छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजनही थोडं वाढलंय. पाणी दुसरंच कोणीतरी पितंय."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

"खाटेजवळची वाटी हाताशी असते," आबा म्हणाले. "स्वयंपाकघरापर्यंत जायचं तर दम लागतो."

"सगळी आकडेवारी नासवलीत, आबा," चिरंजीव म्हणाले. "घरी गेल्यावर खुलासा द्या."

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या कुत्र्यांच्या वजनकाट्याकडे बोट केलं. "आबा, जरा उभे राहा त्यावर." आबा चपला काढून उभे राहिले. बाईंनी आकडा वाचला आणि विचारलं, "आधी किती होतं?"

चिरंजीव छताकडे बघू लागले.

"ठमीचं सांगू का?" सूनबाई म्हणाल्या. "दर रविवारचं पाठ आहे मला."

"मी आबांचं विचारतेय."

"त्यांचं... असेल की बरंच."

"यांना आजच माणसांच्या डॉक्टरांकडे न्या," बाई म्हणाल्या. "रक्त तपासायला हवं. थांबू नका."

चिरंजीव खरोखरच हळहळले. "नेलं असतं हो. पण रजा संपली. सगळी ठमीवर गेली."

आबांनी काट्यावरून उतरून चपला घातल्या आणि टोपली उचलली.

ठमीची तब्येत सुधारली हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. चिरंजीवांचा संतापही आला असेल. तो येणं रास्त आहे. तो ओसरला की एवढंच सांगा, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं वजन गेल्या वर्षी किती होतं? अंदाजे चालेल.