शाल पोचली, पण शेजारी

"कुणाला तरी विचारू या," नोएमी तिसऱ्यांदा म्हणाली.

"स्वतःच्या सख्ख्या मावशीचं घर लोकांना विचारायचं?" एवारिस्तो मोन्ताल्वोने गाडी आणखी हळू केली. "लाज नाही वाटत? अगं, नऊ वर्षांचा होईपर्यंत मी याच गल्लीत गोट्या खेळलोय!"

आता हे खरं होतं. पण गोट्या खेळल्याला पस्तीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात गल्लीने चारदा कात टाकली होती. मोन्तेर्रे शहरातून अकरा तास गाडी हाकून एवारिस्तो, बायको नोएमी आणि मुलगी यारेली सुट्टीसाठी त्याच्या आईच्या गावी आली होती, आणि तीही नेमकी गावची संत सांता आना हिच्या उत्सवाच्या दिवशी. गल्लीभर कागदी पताका, फटाक्यांचा धूर, कुठे तरी बँडवाला एकच सूर घासतोय. फोनवर तेओदुला मावशी म्हणाली होती, "निळं दार, दारात बोगनवेल. डोळे मिटून येशील." एवारिस्तो जवळजवळ तसाच आला.

निळं दार दिसलं. झगझगीत निळं, बोगनवेलही होती. दार सताड उघडं, आत अंगणात लांबच लांब टेबलं, वर ताडपत्री, आणि बायका घमेल्याएवढ्या पातेल्यांतून वाढतायत. "बघ!" एवारिस्तोने बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "आपल्यासाठी मावशीने केवढा घाट घातलाय!"

मागच्या सीटवर आईची शाल होती. गर्द निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, हाताने गाठी मारलेल्या लांब झालरीची. मार्चमध्ये आई, आम्पारो, गेली. जायच्या आधी आठ दिवस तिने ती शाल लेकाच्या मांडीवर ठेवली होती आणि म्हणाली होती, "ही तेओदुलाला दे. टपालाने नको, तुझ्या हाताने. आणि तिच्या हातचं पोटभर जेवून ये." बहिणी-बहिणींनी एकमेकींना शेवटचं पाहिलं त्यालाही बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे एवारिस्तो सुट्टीवर निघाला होता खरा, पण छातीत एक दगड घेऊन.

दारात एक काटक म्हातारी उभी होती, कमरेला चौकड्यांचा एप्रन. तिने त्याला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. "आलास पोरा! दमला असशील. आधी जेव, मग बोलू!"

एवारिस्तोला भरून आलं. त्याने शाल तिच्या हातांत ठेवली. "आईची... तिची शेवटची इच्छा होती... स्वतःच्या हाताने द्यायची..." पुढचं सगळं हुंदक्यात गेलं. म्हातारीचेही डोळे पाणावले. तिने शाल कपाळाला लावली, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि तिघांना टेबलाशी नेऊन बसवलं.

आता उत्सवाच्या दिवशी या गावात दारात येईल त्याला नाव-गाव न विचारता जेवायला घालतात, हे एवारिस्तोला लहानपणी माहीत होतं. पण मोन्तेर्रेला माणूस फोन केल्याशिवाय भावाच्या घरीही जात नाही, त्यामुळे विसरला बिचारा. त्याला वाटलं, सगळं आपल्यासाठीच.

आणि जेवण तरी काय! टर्कीचा तंगडीसकट तुकडा, त्यावर काळाभोर मोले. चार जातींच्या मिरच्या, तीळ, दालचिनी, चॉकलेट भाजून-वाटून चार दिवस आटवलेला तो रस्सा, शेजारी लालसर भात, आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम मक्याच्या भाकऱ्या. एवारिस्तोने पहिलं ताट पुसून खाल्लं. ताट रिकामं दिसलं की वाढणारी परत वाढायची. दुसरं झालं. तिसऱ्याला नोएमीने टेबलाखालून पाय मारला.

"पुरे की! बकासुरासारखा काय खातोयस?"

"अगं, आईचा शब्द आहे. पोटभर जेवायचं!" तो भाकरीने मोले निपटत म्हणाला आणि मोठ्या आवाजात सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ठणकावून सांगितलं, "देवाशपथ सांगतो, साऱ्या मुलखात असा मोले दुसऱ्या कुणाला जमणार नाही!"

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेला टोपीवाला म्हातारा खूश होऊन पुढे सरकला. एवारिस्तो त्याला म्हणाला, "आणि गुडघे तर काय ठणठणीत दिसतात हो! फोनवर म्हणायची, हलता येत नाही."

"कुणाचे गुडघे?"

"तिचेच की. त्या एप्रनवालीचे."

"फिलोमेनाचे? अहो, ती परवा डोंगरावरून लाकडाची मोळी घेऊन आलीय!"

एवारिस्तोचा घास तोंडातच राहिला. "फिलोमेना?"

"मग कोण? या घराची मालकीण. यंदाच्या उत्सवाचा मान तिच्याकडे आहे."

"आणि... तेओदुला?"

म्हाताऱ्याने इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "हळू! ते नाव या अंगणात काढत नाहीत. ती पलीकडे राहते, भिंतीला भिंत लागून. एकतीस वर्षं झाली, दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. तेओदुलाकडे उत्सव होता तेव्हा ही म्हणाली, तिने मोले घट्ट करायला बिस्किटं कुस्करून घातलीत. झालं! तेव्हापासून भिंत."

एवारिस्तोला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण पोटात तीन ताटं असलेल्या माणसाला धरणीही घेईना. त्याने मान वळवून पाहिलं. फिलोमेनाच्या हातात शाल नव्हती.

"शाल कुठाय?" तो तिच्याजवळ जाऊन पुटपुटला.

"देवळात पाठवली, बाळा! आजच्या दिवशी मानकरणीच्या हाती दिलेली वस्तू म्हणजे नवस, दुसरं काय? आत्ता सांता आनाच्या खांद्यावर असेल बघ. तुझ्या आईचं सोनं झालं!" तिने त्याच्या हातात झाकण लावलेला डबा कोंबला. "हे घरी न्यायला. नाही म्हणायचं नाही!"

नाही म्हणायची त्याची हिंमतच कुठे होती? बाहेर येताच नोएमीने कपाळावर हात मारला. "कुणाला तरी विचारू या, म्हणत होते ना मी? तीनदा म्हणाले!"

"आता जखमेवर मीठ चोळू नकोस."

"मीठ कशाला, मोले चोळते! आणि हा डबा कुठे लपवायचा?"

डबा तिच्या पर्समध्ये गेला.

पलीकडचं दारही निळंच होतं, पण उन्हा-पावसाने विटून त्याचं हिरवट-करडं झालं होतं. बोगनवेल होती. आत टेबलावर चार ताटं पालथी घातलेली, मधे झाकलेलं पातेलं, आणि खिडकीशी खुर्चीत तेओदुला मावशी. तिला बघताच एवारिस्तोला स्वतःचीच चीड आली. आईचीच हनुवटी, आईच्याच भुवया. हे तोंड आपण कसं विसरलो?

"या," मावशी म्हणाली. "उशीर झाला."

"रस्त्यात... गर्दी होती, मावशी."

"असेल. बसा. पहाटे चारला उठून केलंय."

तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. तोच काळा मोले, तीच टर्की. वासानेच एवारिस्तोच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. यारेलीने आईकडे रडवेल्या तोंडाने पाहिलं. एवारिस्तोने दोन घास कसेबसे आत ढकलले, तिसरा गालात धरून ठेवला. मावशी समोर बसून एकटक बघत होती. पोटाने साथ सोडली होती आणि वर लाजेने घाम फुटला होता. एवढी बाई चूल पेटवून बसली, आणि आपण भिंतीपलीकडे बसून "दुसऱ्या कुणाला जमणार नाही" म्हणून बोंबललो!

"भूक नाही वाटतं," मावशी म्हणाली.

"छे छे! प्रवासाने जरा..."

तेवढ्यात खाली टप टप आवाज आला. नोएमीच्या पर्समधून काळा रस्सा गळत होता. आधी खुर्चीवर, मग फरशीवर, मग तिच्या पांढऱ्या सँडलवर.

"फडकं मोरीपाशी आहे," मावशी शांतपणे म्हणाली. नोएमी लालबुंद होऊन फडकं आणायला पळाली. मावशी परत भाच्याकडे वळली. "आम्पारोने माझ्यासाठी काही ठेवलंय, म्हणाला होतास."

"गाडीत आहे," एवारिस्तोच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर त्याला आणखी लाज वाटली. मेलेल्या आईच्या नावावर खोटं! "आत्ता आणतो, मावशी. दोन मिनिटं."

तो पळत देवळाशी पोचला तेव्हा घंटा वाजत होत्या आणि पालखी खांद्यावर उचललेली होती. सांता आना फुलांमध्ये उभी, आणि तिच्या खांद्यावर आईची निळी शाल, झालर वाऱ्यावर हलतेय. फिलोमेना हातात मेणबत्ती धरून पुढे होती.

"ती शाल मला परत हवीय," एवारिस्तो धापा टाकत म्हणाला.

"काय?" फिलोमेनाचे डोळे कपाळात गेले. "सांता आनाच्या अंगावरचं काढून घेणार? वेड लागलं का तुला?"

"चूक झाली हो! ती तुमच्यासाठी नव्हती, देवळासाठीही नव्हती. मी घर चुकलो. मी तेओदुलाचा भाचा." आजूबाजूला माणसं थांबली होती, बँडवाल्यांनीसुद्धा वाद्यं खाली केली होती. त्याला रडूच यायला लागलं. "माझी आई मार्चमध्ये गेली. तिने बहिणीला द्यायला सांगितली होती. एवढं एकच काम सांगितलं होतं तिने मला, आणि तेही मला जमलं नाही!"

फिलोमेनाचा चेहरा बदलला. "आम्पारो गेली?"

"हो."

"आणि पलीकडून मला कुणी सांगितलंसुद्धा नाही." तिने मेणबत्ती दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या लग्नात माझी वेणी तिने घातली होती."

मग तिने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं, पालखीवाल्यांकडे वळून "चला" म्हणाली आणि चालायला लागली. मिरवणूक त्याच गल्लीतून जाणार, मावशी दारात येणार, आणि आपल्या बहिणीची शाल सगळ्या गावादेखत मूर्तीच्या अंगावर बघणार! तो पालखीमागून असा चालत होता की बघणाऱ्याला वाटावं, याने मोठा कडक नवस केलाय. दोन बायकांनी तर त्याला भाविक म्हणून नमस्कारही केला.

विटक्या दारापाशी पालखी आली. तेओदुला चौकट धरून उभी होती, शेजारी नोएमी आणि यारेली. फिलोमेनाने हात वर केला आणि पालखी थांबली. गर्दीत कुजबुज झाली, कारण त्या दारात पालखी एकतीस वर्षांत थांबली नव्हती.

"सांता आनाला यंदा आम्पारोने शाल दिली," फिलोमेना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तेओदुलाकडे मात्र तिने बघितलं नाही, दाराच्या कडीकडे बघून बोलली. "जिची शाल, तिच्या माणसांच्या दारात पालखी थांबते. ही रीत आहे. रीत मी मोडत नाही."

तेओदुला एक पायरी उतरली. गुडघा कुरकुरला तसा नोएमीने तिला धरलं. म्हातारीने झालर हातात घेतली, गाठी एकेक करून बोटांनी चाचपल्या, आणि कपाळ त्या कापडाला टेकून उभी राहिली. बराच वेळ.

मग ती सरळ झाली. "पालखी थांबली की पालखीवाल्यांना जेवायला घालायचं, हीही रीत आहे," ती म्हणाली. तीही कडीकडेच बघून. "आत या."

पातेलं मोठं होतं हे बरं झालं. पालखीवाले, बँडवाले, टोपीवाला म्हातारा, सगळे लहानशा अंगणात मिळेल तिथे बसले. फिलोमेनाही आली आणि टोकाच्या बाकावर पाठ ताठ करून बसली. एवारिस्तो वाढत होता. शेवटी त्याला राहवेना, तो स्वयंपाकघरात मावशीच्या मागोमाग गेला.

"मावशी, मला बोलायचंय. शाल मी मुद्दाम नाही दिली. मी घर चुकलो. आणि मी तिकडे जेवलोही..."

"माहितीय." मावशी भाकऱ्या उलटत होती. "तू गाडीतून उतरलास तेव्हाच ओळखलं. बापासारखाच पाय फेकत चालतोस. खिडकीतच बसले होते मी."

एवारिस्तो जवळ सरकला. "मग हाक का नाही मारलीस?"

मावशीने भाकरी फडक्यात ठेवली. मान वर केली नाही. "तिच्या दारात हाक मारावी लागली असती. जीभ वळेना रे. बहिणीचा पोरगा पस्तीस वर्षांनी आला, चुकीच्या घरात शिरला, तिथे रडला, आणि मी खिडकीत बसून राहिले. आम्पारो बघत असेल तर काय म्हणत असेल मला?" तिने एप्रनने डोळे टिपले. "तू कशाला लाजतोस? लाजायला मी आहे."

एवारिस्तोने तिच्या हातातलं भाकऱ्यांचं फडकं घेतलं आणि दोघं बाहेर आली.

फिलोमेना तंगडीशी झटापट करत होती. तिने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, घसा खाकरला आणि पहिल्यांदाच थेट तेओदुलाच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "टर्की वातड झालीय गं."

बँडवाल्याचा घास हातात राहिला.

"दात तुझे पडले त्याला माझी टर्की काय करणार?" तेओदुला म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी मोले वाढला. फिलोमेनाने नको म्हटलं नाही.