काठोकाठ पियाला

"आजपासून ही किडनी माझ्या मुठीत आली म्हणून समज!" मोबाइल उंचावत एर्गशने जाहीर केलं.

मवजूदा तंदूरमधून नान काढत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. डॉक्टरांनी एर्गशला "मूत्रपिंडं जरा मंदावलीत, मीठ कमी, गोळी रोज आणि चहा-पाणी मोजून" असं सांगितल्यापासून घरात रोज सकाळी नवं संशोधन उगवत होतं. जन्मभर मर्गिलान-कोकंद बस हाकलेला माणूस आता बायकोच्या डोक्यावर बातम्या हाकत होता. कालच मधुमेहाची कुठलीशी गोळी मूत्रपिंडालाही उपयोगी पडते म्हणून अर्धी गल्ली गोळा केली होती. मवजूदा इतकी थकली होती, की चिडायचाही कंटाळा आला होता.

"आज काय निघालं?"

"मोजमाप! तुम्ही अर्धा-अर्धा पियाला ओतत राहता, मी पीत राहतो. हिशोब लागणार कसा? आता माझा पियाला काठोकाठ भरायचा. ठरलेल्या वेळी एकच. विषय संपला!"

"काठोकाठ? अहो, लोक काय म्हणतील?"

तिचंही बरोबर होतं. मर्गिलानात पाहुण्याला चहाचा पियाला अर्धाच भरून देतात. संपला की पुन्हा थोडा ओततात. म्हणजे बसा, घाई नाही. काठोकाठ भरला, तर हा प्या आणि निघा!

"मी काय पाहुणा आहे?" एर्गश गुरगुरला.

चहा ओतायचं काम मुलीकडे, मुखलिसाकडे आलं. सुरुवातीला बिचारीचा हात अडखळायचा. "अजून! अगं, अजून भर!" बाप ओरडायचा. बघता बघता तिचा हात काठापर्यंत आपोआप जायला लागला.

आणि मग कोकंदची मंडळी मुखलिसाला मागणी घालायला आली. आधीची दोन स्थळं फिसकटली होती. हा मुलगा मात्र मुखलिसाला मनापासून आवडला होता.

"तुम्ही आत बसा," मवजूदाने नवऱ्याला बजावलं. "किडनी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पाया पडते!"

मुलाची आई ओयनिसा आणि तिची धाकटी जाऊ करामत ऐसपैस बसल्या. मुखलिसा किटली घेऊन आली. छातीवर हात ठेवून अदबीने वाकली आणि ओयनिसाच्या पियाल्यात चहा ओतला. थेट काठोकाठ!

ओयनिसाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"उठा जाऊबाई," करामत म्हणाली. "पोरीने ओतूनच सांगितलं."

"अहो, नाही हो! हात सवयीने गेला तिचा!"

"सवयीने? म्हणजे या घरात रोजच पाहुणे हाकलतात?"

इतक्यात आतलं दार धाडकन उघडलं. "थांबा! दोष पोरीचा नाही, माझ्या किडनीचा आहे!"

मवजूदाने डोळे मिटून घेतले.

"किडनीचा?" करामतने कान टवकारले. "आनुवंशिक असतं का हो ते?"

"छे छे! म्हणजे... काही प्रकार असतात तसे. परवाच वाचलं—"

"अहो!"

"पण माझं तसलं नाही! माझं रक्तदाबामुळे! पायाला सूज येते, बोट दाबलं की खळगा पडतो, लघवीला फेस येतो..."

बायकांसमोर फेस! मुखलिसा रडत स्वयंपाकघरात पळाली. ओयनिसाने उठून चपला घातल्या.

संपलं सगळं, असं मनाशी म्हणत मवजूदा त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. तिथे ओयनिसा रेंगाळली. जावेला गाडीकडे पिटाळून तिने हळूच विचारलं, "ताई, तो फेस... खरंच काही लक्षण असतं का?"

"डॉक्टरसुद्धा तेच म्हणाले."

"आमच्या ह्यांनाही होतो. पायही सुजतात. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. मी रडले, भांडले, काही उपयोग नाही. भीती वाटते हो मला. तुमचे हे त्यांच्याशी बोलतील का?"

"बोलतील?" मवजूदाने सुस्कारा सोडला. "थांबवून दाखवा!"

एर्गश कोकंदला गेला आणि बोलून बोलून त्याने ओयनिसाच्या नवऱ्याला इतकं बेजार केलं, की तो सुटका म्हणून डॉक्टरकडे गेला. मूत्रपिंडं मंदावलेलीच निघाली, पण वेळेत कळलं. ओयनिसाने मवजूदाला मिठी मारली आणि लग्न ठरलं.

साखरपुडा पक्का झाल्याची खूण म्हणून दोन्ही घरांनी मिळून नान मोडली. मुखलिसा लाजून हसत होती. चला, सुटलो, असं म्हणून मवजूदा जरा टेकली, तर समोर दोन्ही व्याही मांडीला मांडी लावून, मोबाइलला मोबाइल भिडवून बसलेले.

"अगं, ऐकलंस का? नवीन संशोधन आलंय!"

"विहीणबाई, मी पाठवलंय तुम्हाला! रोज सकाळी पाठवत जाईन!"

मवजूदा उठली. किटली उचलली आणि दोघांचेही पियाले काठोकाठ भरले. या खेपेला अगदी जुन्याच अर्थाने.

"वा!" दोघंही एकदम म्हणाले. "बरोब्बर मापात!"