ऋजुताच्या दुकानी, सहकुटुंब

बुधवारी संध्याकाळी बातमी आली तेव्हा प्रफुल्ल भेंडी पुसत होता. भेंडी धुतल्यावर पुसून घ्यावी लागते, नाहीतर भाजीला तार सुटते, हे ज्ञान त्याला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी झालं होतं. त्याआधी असलं सगळं ज्ञान मायाकडे असे. मायाला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि प्रफुल्लची भेंडी आता बरी होऊ लागली होती. म्हणजे ऋजुता ती काही न बोलता खात होती.

ऋजुता ही त्याची एकुलती एक मुलगी. ती दुकानातून लवकर आली, चपला काढल्या आणि ओट्याला टेकून म्हणाली, "बाबा, बंगळूरहून मेल आला. नोकरी देतायत."

"छान," प्रफुल्ल म्हणाला. (हा शब्द इतक्या चटकन तोंडातून गेला की त्याला परत बोलावणं शक्य नव्हतं.) "आणि दुकान?"

"रविवारी गेमिंग डे ठेवलाय ना. दुकान भरलं तर त्यांना नाही म्हणेन. नेहमीचीच सहा टाळकी आली तर सोमवारी हो कळवते आणि शटर ओढते. कुठेतरी थांबायला हवं ना रे."

दुकानाचं नाव ‘डाव’. डोंबिवली पूर्वेला, एका पोळीभाजी केंद्राच्या डोक्यावर, दोन गाळ्यांमधली भिंत पाडून तिने ते थाटलं होतं. भिंतीला लागून खेळांचे खोके आणि मधे टेबलं. चार जणांनी टेबलाभोवती बसायचं, खोका उघडायचा, पट, पत्ते, फासे मांडायचे आणि दोन-तीन तास मोबाइलला हात न लावता खेळायचं. नातेवाइकांना मात्र हे खेळण्यांचं दुकान वाटे. कुणाकडे बारसं निघालं की ते फोन करून खुळखुळा आहे का म्हणून विचारत.

ऋजुता बंगळूरला गेली असती तर घरात आवाज करणारे दोघेच उरले असते, प्रफुल्ल आणि फ्रीज. त्यातल्या त्यात फ्रीज बोलका होता. पण मुलीला ‘जाऊ नकोस’ म्हणणं प्रफुल्लच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून तो म्हणाला, "निमंत्रणांचं माझ्याकडे सोड. दुकान भरून दाखवतो."

ऋजुताने त्याच्याकडे नीट बघितलं. या घरात माणसं बोलावणं हे खातं मायाचं होतं. प्रफुल्लकडे खुर्च्या मोजणं आणि सगळे गेल्यावर उरलेलं श्रीखंड संपवणं, अशी दोन कामं असत.

"नक्की? मग मी पोस्टर देते, ते फक्त पुढे पाठव."

"तू काळजीच करू नकोस," प्रफुल्ल म्हणाला. (हे वाक्य ऐकलं की माया काळजी करायला लागायची.)

पोस्टर इंग्रजीत होतं आणि त्यावर एक ड्रॅगन आग ओकत होता. प्रफुल्लने ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. ठाण्याच्या एका पतपेढीत सभासदांना सूचना पाठवण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे लोकांना काय वाचून घराबाहेर पडावंसं वाटतं याबद्दल त्याची ठाम मतं होती. ड्रॅगन बघून कळव्याची शेवंतीताई येणार नव्हती. ‘खेळायला या’ लिहिलं तर मोठी माणसं नातवंडांना पाठवून देणार आणि स्वतः घरी झोपणार. त्याने ड्रॅगन बाजूला ठेवला आणि स्वतः मजकूर केला:

‘सप्रेम नमस्कार. येत्या रविवारी सकाळी अकरापासून आमच्या चि. ऋजुताच्या दुकानी कार्यक्रम योजला आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहावे. भोजनाची व्यवस्था केली आहे. कृपया भेटवस्तू आणू नयेत. आपला, प्रफुल्ल.’

मजकूर त्याला आवडला. कार्यक्रम कसला ते आल्यावर कळेलच.

आता पाठवायचं कुणाला? त्याच्या फोनमध्ये सगळ्यांना एकदम निरोप जाईल अशी एकच यादी होती. ती गेल्या वर्षी मायाचा भाऊ प्रीतम याने हॉस्पिटलच्या बाकावर बसून घाईघाईने केली होती. कळवा, शहाड, ठाणे, डोंबिवली, सगळीकडची माणसं तिच्यात होती. प्रफुल्लने एक बटण दाबलं आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात चहा टाकला.

चहा उकळेपर्यंत उत्तरं यायला लागली. सगळी एकसारखी, जोडलेले हात.

"बघ," त्याने ऋजुताला फोन दाखवला. "एकाने तरी कसला कार्यक्रम म्हणून विचारलंय का? माणसांचा माझ्यावर विश्वास आहे."

जेवणाचंही त्यानेच बघितलं. खालच्या पोळीभाजी केंद्राच्या जागृतीताईंनी विचारलं, "काय काय करू?"

प्रफुल्लने स्वतःला जे आवडतं ते सांगून टाकलं. "खीर करा. आणि वडे. भोपळ्याची भाजी चालेल. आमसुलाची चटणी मात्र हवीच."

जागृतीताई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सगळं नीट करते, भाऊ. तुम्ही काही बघू नका." प्रफुल्लला वाटलं, धंद्यात अशी आपुलकी हवी.

रविवारी अकराला जिना भरला. चपलांची रांग पार खालच्या मीटरच्या पेटीपर्यंत गेली. माणसं पाय न वाजवता वर येत होती, मिळेल त्या खुर्चीवर बसत होती आणि मांडीवर हात ठेवून समोरच्या टेबलाकडे बघत होती. पुरुष बहुतेक पांढऱ्या झब्ब्यात, बायका फिक्या साड्यांत. ऊन फार आहे, शहाणी माणसं आहेत, असं प्रफुल्लने स्वतःशी म्हटलं आणि वर्षात पहिल्यांदाच दोन्ही हात पाठीमागे बांधून इकडून तिकडे फिरला.

दुकानातली ऋजुताची भागीदार करिश्मा तिच्या कानाशी लागली. "ऋजू, थीम ठेवलीयेस आणि मला सांगितलं नाहीस? सगळे व्हाइटमध्ये! भारी दिसतंय यार."

"मला पण माहीत नाही गं. बाबाने काय केलंय देव जाणे, पण दुकान भरलं!" ऋजुता म्हणाली आणि खालून खुर्च्या आणायला धावली. जिन्यात तिला कळव्याची शेवंतीताई भेटली, प्रफुल्लची मोठी बहीण. तिने ऋजुताला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "धीर धर हो बाळा."

"तोच धरलाय, आत्या," ऋजुता म्हणाली. "दुकान काढल्यापासून."

शेवंतीताईला उत्तर थोडं विचित्र वाटलं, पण दुःखात माणूस काहीही बोलतं. तिने वर येऊन प्रफुल्लचा दंड धरला आणि त्याला कोपऱ्यात नेलं.

"फोटो कुठे ठेवलायस?"

"कसला फोटो?"

"कसला म्हणजे? मायाचा! मी हार आणलाय." तिने पिशवी उघडून दाखवली. आत खरोखरच शेवंतीचा हार होता. "दोन महिने विचारतेय वर्षश्राद्ध कधी करतोयस, तर नुसता बघू, बघू. शेवटी मनावर घेतलंस. तिथीच्या आधी उरकलंस तेही बरं, हल्ली करतात तसं. आणि खाली खीर-वड्यांचा वास आला तेव्हा म्हटलं, शिकला हो आमचा प्रफुल्ल. पण तो राक्षस कुणाचा रे?"

भिंतीवर पोस्टर मोठं करून लावलेलं होतं. ड्रॅगन आग ओकत होता.

"आधीच्या कार्यक्रमाचा राहिलाय," प्रफुल्ल म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. माया गेल्याचं जिच्यावरून कळवलं होतं ती यादी, जोडलेले हात, पांढरे झब्बे, जागृतीताईंची आपुलकी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून पतपेढीच्या टोकन-नंबरांसारखं ओळीने गेलं. तेवढ्यात दारातून मायाचे दिवस करणारे गुरुजी आत आले, यादीत तेही होते. हातात कापडी पिशवी, पिशवीतून दर्भाची टोकं बाहेर.

"तयारी कुठे केलीत?" गुरुजींनी विचारलं.

प्रफुल्लने खोलीकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर ही सगळी माणसं शरमून उठली असती आणि दहा मिनिटांत जिना रिकामा झाला असता. मग सहा टाळकी, मग सोमवार, मग बंगळूर. त्याने दाराकडे बघितलं. ऋजुता दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन वर येत होती आणि धापा टाकत हसत होती.

प्रफुल्लने घसा साफ केला. "मंडळी," तो म्हणाला, "मायाची एक इच्छा होती. माझ्या मागे कुणी रडत बसू नका, म्हणाली. सगळ्यांनी एकत्र बसून खेळा."

(खेळाबद्दल माया आयुष्यभर एकच वाक्य बोलली होती: "पत्ते उचला, पानं घ्यायचीयत.")

कुणीतरी नाक ओढलं. सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी पिशवी खाली ठेवली, टेबलावरच्या पटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "गेलेल्याची इच्छा मोडू नये." आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मग खेळ सुरू झाले. माणसं ते मन लावून करत होती, फक्त चुकू नये याची धास्ती होती. मायाचा भाऊ प्रीतम हातात फासा घेऊन अवघडून उभा होता.

"कुठल्या हाताने टाकायचा?" त्याने हळूच विचारलं.

"कुठल्याही, मामा," करिश्मा म्हणाली.

"आणि तोंड? दक्षिणेकडे करू?"

"कुठेही करा हो. फक्त दुसऱ्याच्या पत्त्यांत बघू नका."

पुढच्या टेबलावर ती राक्षसांच्या गुहेचा खेळ समजावत होती. "हे बघा, प्रत्येकाला एकेक जीव. गुहेत कुणी मेलं ना, तर टेन्शन घ्यायचं नाही. तो खेळातून जात नाही. बाकीचे खेळत राहतात, आणि पुढच्या राउंडला तो दुसऱ्या रूपात परत येतो."

मायाच्या शाळेतल्या दोन बाईंनी एकदम डोळ्यांना पदर लावला.

"एवढीशी पोर," एक जण म्हणाली, "पण किती समजावून सांगितलं."

"थँक यू," करिश्मा म्हणाली. तिचे नियम आजवर कुणी इतके ऐकले नव्हते.

तासाभराने सोवळं सुटलं. जमिनी आणि मिठागरं घ्यायच्या-विकायच्या खेळात शहाडचे पोपटकाका बसले होते. हे मायाच्या वडिलांचे मित्र, नात्यात नाहीत पण प्रत्येक कार्यात असतात. समोर शेवंतीताई.

"काका, तुमची ही पट्टी मला द्या, मी तुम्हाला विटा देते," शेवंतीताई म्हणाली.

"नाय."

"अहो, खेळातली जमीन आहे."

"आसंल खेलातली. नाय इकाची. एकदा इकली, तिथं आता मॉल हाय."

"मग तुम्ही हराल!"

"हरीन. पन जमिनीवर बसून हरीन."

शेवंतीताईने हात टेबलावर आपटला. पलीकडून कुणीतरी ओरडलं की प्रीतम पत्ते लपवतोय. प्रीतमने मेलेल्या बहिणीची शपथ घेतली आणि तोच पत्ता त्याच्या मांडीवरून खाली पडला. सगळी खोली हसली, नंतर आपण कुठे आलोय ते आठवून क्षणभर गप्प झाली आणि परत हसली.

ऋजुताने बापाला खोक्यांच्या खोलीत ओढून नेलं. "बाबा, सगळे मला धीर का देतायत? आणि गुरुजी का आलेत?"

प्रफुल्लने सगळं सांगितलं. खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे दुसरीकडे बघायचीही सोय नव्हती. ऋजुता एका खोक्यावर बसली. मग म्हणाली, "आईला कळलं असतं तर?"

"तिने पाठवायच्या आधी यादी बघितली असती."

"हो," ऋजुता म्हणाली. ती हसत होती की नाही ते अंधारात नीट कळलं नाही. मग तिने ओढणीला चेहरा पुसला. "चल. वडे गार होतायत."

संध्याकाळी पाचपर्यंत कुणी हललं नाही. गुहेतला राक्षस गुरुजींनी मारला, तेही दोनदा, आणि त्यांची पिशवी शेवटपर्यंत उघडली गेली नाही. जाताना माणसांनी प्रफुल्लच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक करून ती जिना उतरली. अशा कार्याहून निघताना येतो म्हणत नाहीत, म्हणून कुणीच म्हणालं नाही.

"एवढी माणसं आली," ऋजुता पट आवरत म्हणाली, "आणि परत येतो म्हणून एकानेही सांगितलं नाही."

प्रफुल्ल फासे गोळा करत राहिला. दुकान त्याने भरून दाखवलं होतं. पण अशी गर्दी आणायला आता घरात दुसरं कोण जाणार होतं?

फोन सोमवारी सकाळी नऊला आला. शाळेतल्या त्या दोन बाईंपैकी एक होती. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आहे, दुकान मिळेल का, आणि नियम सांगणारी ती मुलगीच हवी. दुपारी प्रीतमच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी आला. संध्याकाळी पोपटकाकांचा. त्यांच्या भावाचं होतं, सत्तर माणसं येतील, फक्त जमिनीचा खेळ नको. ऋजुताने तीनही तारखा घेतल्या आणि रात्री जेवताना बंगळूरला नाही कळवून टाकलं. प्रफुल्ल "छान" म्हणाला. या वेळी तो शब्द परत बोलवावासा वाटला नाही.

खरी तिथी पुढच्या महिन्यात होती. प्रफुल्लने गुरुजींना फोन केला.

"त्या दिवशी?" गुरुजी म्हणाले. "त्या दिवशी मी सकाळपासून ऋजुताच्या दुकानी आहे. दुसऱ्यांचं आहे. आणि तुमचं झालं की हो."

"तसं झालं नाही, गुरुजी, ते म्हणजे..."

"मी स्वतः होतो ना," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याने शेवंतीताईला विचारलं. ती म्हणाली, "एका माणसाचं दोनदा करत नाहीत रे. आणि इतकं छान झालंय, परत करून बिघडवू नकोस."

तिथीच्या दिवशी प्रफुल्लने रजा घेतली होती. ऋजुताने फोन करून दुकानी बोलावलं, माणसं जास्त झालीयत, खुर्च्या मोजायला कुणी नाही म्हणाली. तो गेला आणि त्याने खुर्च्या मोजल्या. मायाचं वर्षश्राद्ध राहून गेलं.