प्रमाणित कडी

निरोपसमारंभ अकराला होता आणि दहा वाजता कडीसाहेब न्हाणीघरात अडकले.

कडीसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं नाव. राष्ट्रीय मानक संस्थेत त्यांनी तेहतीस वर्षं काढली, त्यातली पहिली नऊ नुसत्या दाराच्या कडीचं मानक लिहिण्यात. देश नवा होता तेव्हा एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्या कारखान्याच्या भोकात जात नसे, म्हणून ही संस्था जन्माला आली, हा सगळा इतिहास आज भाषणात यायचा होता. आरशासमोर त्याचीच तालीम चालली होती. भाषण संपलं, साहेब टाळ्यांसाठी जरा थांबले आणि मग त्यांनी कडीला हात घातला. कडी ढिम्म हलेना.

"अगं, कडी अडकली."

"कुठली?" बायकोने बाहेरून विचारलं.

"न्हाणीघरात कडी एकच असते."

"मग लाथ मारा दाराला."

"लाथेचा मुद्दा समितीत आला होता. फेटाळला आम्ही."

बायकोने कपाळावर हात मारला आणि सुताराला फोन लावला. आत साहेबांनी बादली पालथी घालून तिच्यावर बैठक मारली आणि हिशेब मांडला. कडीने पन्नास हजार वेळा उघडझाप सोसलीच पाहिजे, हे कलम त्यांचंच. घरात माणसं पाच, दिवसाला वीस खेपा, कडी बसवून झाली सात वर्षं. एक्कावन्न हजार शंभर. साहेबांचा चेहरा खुलला.

"अगं ऐकलंस का, कडी बिघडलेली नाही. मुदत भरली तिची. वर अकराशे वेळा फुकट राबली बिचारी."

"तुमच्याबरोबरच निवृत्त झाली म्हणायची," बायको म्हणाली, पण आवाज जरा चोरटाच होता.

साडेदहाला सुतार आला. "पटाशी घालून कडी उडवतो साहेब, दोन मिनिटांचं काम."

"कडीला हात लावायचा नाही. ती समारंभात दाखवायची आहे. बिजागऱ्या काढ."

"त्याला अर्धा तास लागेल."

"लागू दे."

"अहो, संचालकबाईंचे दोन फोन येऊन गेले," बायको कळवळली. साहेब ऐकतात कसले.

दार निघालं. साहेब घामाघूम होऊन बाहेर आले आणि चष्मा लावून कडीवर वाकले. संस्थेचं चिन्ह त्यांनी पुढून शोधलं, मागून शोधलं, बोटाने चाचपून पाहिलं. चिन्ह नव्हतंच.

"ही आपली कडी नाही."

बायकोने सुताराकडे पाहिलं. सुतार हत्यारं पिशवीत भरू लागला.

"तीन वर्षं झाली बदलून," ती म्हणाली.

"म्हणजे आपली मोडली?" साहेब मटकन खाली बसले. तेहतीस वर्षं पाण्यात गेली असंच वाटलं त्यांना.

"मोडते कसली. मोडत नाही म्हणून तर इथून काढली. तुमची साखर वाढली ना, तेव्हा कुलूप घालून गोडाच्या कपाटाला लावली."

त्या कपाटाशी साहेब तीन वर्षं रोज दुपारी, बायको पडली की, झटत होते. चमचा झाला, सुरी झाली, स्क्रूड्रायव्हर झाला. असली कडी करणाऱ्याच्या नावाने त्यांनी कडाकडा बोटंही मोडली होती.

समारंभ पाऊण तास उशिरा सुरू झाला. साहेबांनी भाषणाचे कागद खिशातून काढलेच नाहीत.

"आपल्या मानकाचा उपयोग काय, असं लोक विचारतात," ते म्हणाले. "मी स्वतः तीन वर्षं घरी चाचणी घेतली. कडी पास झाली. मी नापास."