तीन घरांचं नाव

मन्मथअप्पांशी तुमची ओळख करून दिली, तर ते आधी नमस्कार करणार नाहीत. आडनाव विचारतील आणि बोटाच्या पेरांवर अक्षरं मोजतील. "चार घरं. बरं हाय," असं म्हणून मग हात जोडतील. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पाव्हणं, दोन्ही आडनावांत एक बी अक्षर सारखं न्हाई. कुठं जुळायचं ह्यांचं? मला तर लई भ्याव वाटायलंय." त्या पाहुण्यांनी अप्पांशी बोलणं टाकलं. जोडपं मात्र मजेत आहे.

पाटोद्याच्या बाजारात अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानामागं घर. मी त्यांची शेजारीण, शाळेत शिकवते. गावातल्या साप्ताहिकाचं शब्दकोडं अप्पा करतात आणि त्यांचा विषय कायम एकच असतो, तालुक्यातली नामांकित माणसं. 'आडनावात घोडा, फिरणं सायकलवर. तीन घरं', म्हणजे घोडके सर. 'ना दही विकतात, ना फळं. दुकान खताचं', म्हणजे दहीफळे. कोड्यात नाव आलं की तो माणूस आठवडाभर ऐटीत फिरतो आणि अप्पा आठवडाभर धास्तावलेले असतात. कोणाला राग आला तर, या काळजीनं त्यांना जेवण जात नाही. मग हे करताच कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "न करता बी भ्याव वाटतंच की."

पुढाऱ्यांच्या नावाला तर ते हातच लावत नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर संपादकानं गळ घातली म्हणून एकदा एक नाव घातलं. कोडं छापून आलं आणि दुपारी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली. त्यातून धट्टीकट्टी माणसं उतरली. अप्पा घागरींच्या उतरंडीमागं जाऊन बसले.

"शेठ हायेत का?"

"शेठ मांजरसुंब्याला गेलेत," घागरींमागून अप्पांचाच आवाज आला.

तेवढ्यात धक्का लागून उतरंड कोसळली आणि शेठ उघडे पडले. त्या लोकांना कार्यक्रमाच्या जेवणासाठी पातेली हवी होती. ती घेऊन ते गेले, पण अप्पांनी त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं. मी हसून हसून दमले होते.

मग आक्कांना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. अंबाजोगाईला नेलं. जीव वाचला, हातपाय हळूहळू चालू लागले, बोलणंही आलं. पण नावं निसटली. पोटच्या मुलीला त्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या. मला "ह्या... ह्या..." म्हणून थांबायच्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, नावांचा सराव घेत राहा.

अप्पांना तेवढंच पुरे होतं. रोज सकाळी ते भांड्यांच्या खोक्याचा एक पुठ्ठा कापायचे, त्यावर आक्कांपुरतं कोडं आखायचे आणि पेनासकट त्यांच्या हातात द्यायचे. त्यांच्या माहेरची माणसं, गल्लीतली माणसं, दूधवाला. आक्का अडखळत घरं भरायच्या. महिने गेले तशी नावं एकेक करून परत आली. माझंही आलं, त्या दिवशी मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

"अप्पा, आता तुमचं नाव घाला की," मी एकदा म्हणाले.

"नगं, मॅडम."

"कावून?" मी मुद्दाम त्यांच्याच बोलीत विचारलं.

"घातलं अन् तिला आलं न्हाई तर? आता निदान मला ठावं तर न्हाई."

पण एका रविवारी त्यांनी धीर केला. मधोमध तीन घरं, सूचना लिहिली: 'भांडी विकतो, घरात भांडत नाही'. पुठ्ठा आक्कांना दिला आणि स्वतः दुकानात जाऊन बसले. गिऱ्हाइकानं तांब्या मागितला तर यांनी परात दिली. दुपारी मी डबा द्यायला गेले, तेव्हा तो पुठ्ठा हातात घेऊन अप्पा ओट्यावर बसले होते. सगळं कोडं भरलेलं होतं. मधली तीन घरं कोरी.

"ह्ये बगा," ते म्हणाले. उभ्या शब्दांत 'कदम' होता, त्यातला 'म' लिहिलेला नव्हता. 'विश्वनाथ' होता, त्यातला 'थ' नव्हता. "माझं नाव तर गेलंच. आता दुसऱ्यांच्या नावाची शेपटं बी गळायलीत. पुन्ना झटका यायलाय, मॅडम." ते धडपडत गाडी सांगायला उठले. मीही घाबरले. आत जाऊन आक्कांचे कपडे पिशवीत भरू लागले.

"कुठं न्यायलेत मला?" आक्कांनी विचारलं.

"दवाखान्यात. कोडं अर्धवट राहिलं ना आक्का, म्हणून."

"राहिलं न्हाई, सोडलंय." त्या चिडल्या होत्या. "कदमचा 'म' लिवला, विश्वनाथचा 'थ' लिवला, की मधी कोण येऊन बसतंय? आजवर तोंडानं कदी नाव घेतलं न्हाई त्यांचं. आता हातानं घेऊ व्हय? ह्यांना बी काई कळंना झालंय!" आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या चक्क लाजल्या होत्या.

दाराशी आवाज झाला. अप्पा उभे होते, सगळं ऐकलं होतं. त्यांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला, ते 'म' आणि 'थ' नसलेले शब्द पुन्हा वाचले. त्या दोन अक्षरांच्या मधे एक 'न्म' आला की मन्मथ. "म्हंजी तिला याद हाय," ते मला म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसून लहान मुलासारखे रडायला लागले. इतके दिवस ते किती घाबरले होते, ते मला तेव्हा कळलं.

बऱ्याच वेळानं ते उठले, आक्कांच्या खाटेपाशी बसले आणि मधली तीन घरं पेनानं एकेक करून काळी केली. कदम आणि विश्वनाथ बिचारे कायमचे अपुरे राहिले.

आक्कांनी पुठ्ठा हातात घेऊन नीट पाहिला.

"आता बरोबर हाय," त्या म्हणाल्या.