मुक्या कंट्रोलरची पैज

सोपानतात्या रोज सकाळी बॅटरीला विचारायचे, "काय गं, पोट भरलं का?" बायकोच्या, पारूकाकूंच्या, तब्येतीची चौकशी त्यानंतर.

बॅटरी असायची अंगणातल्या मॅटॅडोरमध्ये. कुठल्याशा डेअरीनं मोडीत काढलेली ही गाडी तात्यांनी काकूंना फिरवायला म्हणून सांगवीला आणली, दुधाच्या कॅनच्या जागी लाकडी बाज बसवली आणि टपावर सोलरची प्लेट ठोकली. गाव तिला 'तात्यांचा बंगला' म्हणे. बंगल्याचं इंजिन ठणठणीत होतं, पण बंगला फाटकाबाहेर कधी गेला नव्हता. आतला पंखा दिवस मावळला की थोड्याच वेळात मान टाकायचा.

"पंख्याचा दोष न्हाय, सदा," तात्या मला, शेजाऱ्याला, पुन्हा पुन्हा सांगत. "बॅटरीचं पोटच भरंना."

प्लेट आणि बॅटरीच्या मध्ये एक डबी असते, चार्ज कंट्रोलर. जास्त ऊन खाऊन बॅटरी उकळू नये म्हणून ती राखण करते. तात्यांची डबी इंदापुरातल्या एका रेडिओवाल्यानं बनवलेली. बॅटरी भरत आली की टक् करून वीज तोडायची. त्या 'टक्'वर तात्यांचा भारी जीव. मग पुण्याहून त्यांचा पुतण्या दिलीप दुसरी डबी घेऊन आला. तिचा आवाजच नाही. ती वीज तोडण्याऐवजी हळूहळू कमी करत न्यायची.

"मुकं हाय हे! मुक्याच्या भरवशावर घर सोडायचं व्हय?"

"तात्या, तुमचा इंदापूरकर भरल्या ताटावरनं उठवतो. हा शेवटच्या घासापर्यंत वाढतो," दिलीप म्हणाला.

"लाव पैज! इंदापूर हरलं तर मिशी उतरवीन!"

मिशी तात्यांनी लग्नाआधीपासून जपलेली. गावाला एवढं निमित्त पुरे. दोन सारख्या प्लेटा, दोन सारख्या बॅटऱ्या, एकीवर इंदापूरची डबी, दुसरीवर पुण्याची, दिवसभर उन्हात राहिल्या. सांजेला ओट्यावर दोन पंखे सुरू झाले आणि सगळी आळी त्यांच्यापुढं बसली. भाकऱ्या थापायच्या राहिल्या. तात्या इंदापूरच्या पंख्याला ओरडून धीर देत होते. तरी तो आधी मंदावला, मग थांबला. पुण्याचा आपला गरगरतच राहिला.

तात्यांनी पुढं सरकून त्याच्या वाऱ्यात हात धरला. मग उठले आणि नाचायलाच लागले.

"हरलो रं! हरलो!"

सकाळी मिशी उतरवून त्यांनी आळीभर जिलेबी वाटली. हरल्याची जिलेबी मी पहिल्यांदाच खाल्ली.

त्याच दिवशी मुकी डबी मॅटॅडोरला लावली आणि पारूकाकूंना बाजेवर बसवून गाडी निघाली. मला सोबत घेतलं. काकूंना दमा, वारा थांबला की जीव घुसमटायचा, म्हणून त्या कित्येक वर्षं गावाबाहेर पडल्या नव्हत्या. आता मुक्कामालाही पंखा पुरणार होता.

मोरगावच्या अलीकडं माळावर काकू एकदम म्हणाल्या, "थांबवा! हितं आमच्या मेंढरांचा वाडा बसायचा."

वाडा म्हणजे कळपाचा रात्रीचा मुक्काम. मेंढरं विकून काकूंचं माहेर आणि सासर, दोन्ही घरं शेतीला लागली, त्याला आता जमाना झाला होता. काकू माझा हात धरून उतरल्या, दम घेतला आणि रिकाम्या माळाकडं तोंड करून कळप वळवायची हाळी दिली, "हुर्रर्र, हेऽऽ!" आवाज चिरका निघाला, पण निघाला.

तात्या शेजारी नव्हते. ते केव्हाच पार पलीकडच्या टेकाडापाशी जाऊन उभे होते, पूर्वी कळपाच्या दुसऱ्या अंगाला उभे राहायचे तसे. तिथून त्यांची हाळी आली, "हेऽऽ पारू, येऊ दे इकडं!"