भोंगा वाजला की थांबायचं नाय!

"आई, आज चहाच्या वेळेपर्यंत तुझी सून ठरलेली असेल!" महिपतीने दाढी करता करता जाहीर केलं.

"कोणाची पोर?" आईने तांदूळ निवडता निवडता विचारलं. मान वर केली नाही. लेकाच्या लग्नाच्या बातम्या ती हल्ली हवामानखात्याच्या अंदाजासारख्या ऐकायची.

"ते तुझ्या कानावर येईलच. अख्ख्या वाडीच्या येईल!"

महिपतीचा जमाखर्च मांडायचा तर जमेला बरंच होतं. पोलादपूरच्या स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान, स्वतःचं घर, दुभती म्हैस, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. खर्चाच्या बाजूला दोनच गोष्टी. कपाळ पार टाळूपर्यंत पोचलेलं, आणि मुंबईत खोली नाही! मुलगी पाहायला जाईल तिथे पोह्यांच्या आधी खोली निघायची.

"खोली कुठं हाय?"

"खोली नाय, घर हाय. चांगलं ऐसपैस."

"इथलं घर काय करायचंय?"

पोहे मात्र सगळीकडे चांगले असायचे.

शेवटी महिपतीने मुली पाहणं सोडलं आणि सिनेमे पाहायला घेतले. वाडीत नेट यायचं ते फक्त देवळाच्या पायरीवर. तिथे बसून त्याने जगभरातल्या हसऱ्या प्रेमकथा पाहून संपवल्या. सगळ्यांचं सार एकच. नायक जाडा, नाहीतर तोतरा, नाहीतर कफल्लक. तो सुरुवातीला लपवाछपवी करतो. शेवटी भर गर्दीत माइक हिसकावून खरं खरं सांगून टाकतो. नायिका डोळे पुसते, "तू जसा आहेस तसाच मला हवास" म्हणते आणि अनोळखी लोक टाळ्या वाजवतात. महिपतीला हे सगळं जमण्यासारखं होतं. गर्दी वाडीत मिळाली नसती, पण माइक होता. देवळातल्या भोंग्याची किल्ली त्याच्याच करदोट्याला होती!

आणि नायिकाही होती. निशा, खालच्या आळीतली, अंगणवाडीत शिकवणारी. आडनाव वेगळं, कूळ वेगळं, वाट मोकळी. एकदा त्याच्या हातात केसांच्या रंगाची पुडी पाहून ती म्हणाली होती, "कशाला रे रंगवतोस? हायेस तसा बरा हायेस." झालं! सिनेमातलं वाक्य, तेही फुकट! तेव्हापासून महिपती त्या वाक्याच्या व्याजावर जगत होता. मुद्दल वसूल करायला जायचं धाडस मात्र त्याला झालं नव्हतं.

आता थांबून चालणार नव्हतं. आज निशाला पाहायला तुडीलचा शुभम येणार होता. विरारला स्वतःची खोली आणि डोक्यावर मेंढीसारखे दाट केस!

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वाडी डोंगराच्या पोटाशी. तळीयेवर दरड कोसळली त्या जुलैपासून पावसाळ्यात इथे कोणी गाढ झोपत नाही. तेव्हा गावकी बसली आणि ठराव झाला. पावसाळ्यात भोंगा आरतीलासुद्धा लावायचा नाही. लागला तर समजायचं, डोंगर हलला. पुढचं कलम महिपतीने स्वतः उभं राहून सुचवलं होतं. "भोंगा वाजला की काय बोलतोय ते ऐकायला थांबायचं नाय! गुरं सोडायची, म्हातारी माणसं उचलायची नि शाळा गाठायची!" गावकीचे म्होरके हैबती तात्या म्हणाले होते, "पोर शहाणं हाय."

प्रेमात पडलेला माणूस आईबापाला विसरतो. महिपती स्वतःचा ठराव विसरला.

दुपारी पाऊस धो धो कोसळत होता. पाहुण्यांची गाडी खाली आलेली दिसली तसा महिपती देवळात शिरला. पावसाची झड आत येऊ नये म्हणून त्याने दार लावून घेतलं आणि बटण दाबलं. भोंगा खरखरला.

"हॅलो... हॅलो..."

मग त्याने सगळं सांगितलं. टकलाचं, खोलीचं. एकदा मुंबईला नोकरीला गेला आणि आईच्या हातची भाकरी आठवून रडत परत आला, तेसुद्धा! "निशा, मी आहे हा असा आहे. तू म्हणाली होतीस..." त्याने बटण बंद केलं, केस असते तर नीट केले असते, आणि दार उघडलं.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. दारं सताड उघडी. एका चुलीवरचं दूध उतू जाऊन करपल्याचा वास येत होता. पायरीपाशी त्याची स्वतःची म्हैस, आईने दावं सोडलेली, रवंथ करत उभी होती. त्याचं मनोगत अथपासून इतिपर्यंत तिने एकटीने ऐकलं होतं.

"अरे देवा! ठराव!"

महिपती चिखल तुडवत शाळेत पोचला तेव्हा सगळी वाडी गाठोडी घेऊन वर्गात दाटीने बसली होती. मधोमध शुभम, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला. निशाच्या आजीला, ठकूबाईला, त्याने पाठीवर घालून आणलं होतं. आणि पडू नये म्हणून ठकूबाईने जे घट्ट धरलं होतं, ते तिच्या मुठीतच राहिलं होतं. केसांचा टोप! खाली शुभमचं डोकं महिपतीच्या डोक्याचं सख्खं भावंड दिसत होतं.

"मरायच्या आधी खरं सांगतो," शुभम धापा टाकत निशाला म्हणाला, "विरारची रूम पण भाड्याची आहे!"

निशा त्याच्या डोक्याकडे पाहत राहिली, मग आजीला आणताना त्याच्या अंगाला लागलेल्या चिखलाकडे. "असू दे," ती हळूच म्हणाली. "हायेत तसे बरे हायेत."

"नातजावई पावला गो!" ठकूबाई टोप हलवत ओरडली. टाळ्या वाजल्या. अगदी अनोळखी पाहुण्यांनीसुद्धा वाजवल्या.

तेवढ्यात हैबती तात्यांना दारातला महिपती दिसला. "आला आमचा राखणदार! पोरा, काय दिसलं रे तुला? भेग? भोंग्यावर काय सांगत होतास?"

सगळ्या माना वळल्या. निशा उठून जवळ आली. "कोणीच नाय रे ऐकलं. काय होतं?"

भर गर्दी होती. नायिका समोर होती. माइकचीसुद्धा गरज नव्हती.

"डोंगरातल्या झऱ्याचं पाणी... जरा गढूळ वाटलं," महिपती म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच."

ती क्षणभर थांबली. जराशी जास्तच थांबली, असं महिपतीला अजून वाटतं. मग ती शुभमला टॉवेल द्यायला गेली.

लग्न मेमध्ये वाडीतच झालं. माइक अर्थातच महिपतीकडे. डोंगर जागच्या जागी, आभाळ निळंभोर. पहिली पंगत मांडली तसं त्याने बटण दाबलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "हॅलो... हॅलो..."

मांडवाच्या कडेला बसलेल्या त्याच्या आईने काठी उचलली, शेजारच्या ठकूबाईचा हात धरला, आणि दोघी मुकाट्याने शाळेच्या वाटेला लागल्या.